खंड्याची केस: आखाड्यावरून थेट तिसऱ्या मजल्यावर

शेतावरून फ्लॅटवर आणलेला आमचा कुत्रा खंड्या पहिल्या दिवशी २६ तास मुतला नाही.

आकडा अंदाजे सांगत नाहीये, रात्री दोन वाजता गॅलरीत उभा राहून मी मोबाईलवर तास मोजत होतो आणि हा माझ्याकडं बघत होता. खाली नेला, पार्किंगमध्ये फिरवला, पेव्हर ब्लॉकवर उभा केला, गाडीच्या चाकापाशी नेला (म्हणलं कुत्र्याला चाक दिसलं की राहवत नाही), काही नाही. पोट टम्म, कान मागं, शेपूट पायात. आबा आतून ओरडले, "आरं त्येला माती दाव, माती. फरशीवर कसा मुतंल त्यो?" मी म्हणलं, आबा, सवय होईल. हे "सवय होईल" पुढच्या तीन आठवड्यांत मी एवढ्या वेळा म्हणलो की बायको शेवटी चिडवायला लागली. आणि घोळ सगळा तिथंच होता, म्हणून ही केस पहिल्यापासून लिहून काढतोय. गावाकडून म्हाताऱ्या आईवडलांना शहरात आणणारे आता घरोघरी झालेत आणि त्यांच्या मागं एखादं कुत्रं असतंच.

तर आधी मागचं सांगतो. आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुका. पाच एकर, त्यात दीड एकर मोसंबी, बाकी कापूस आणि तूर. गावात घर असून आबा बाराही महिने आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरातच राहायचे आणि खंड्या तिथलाच. वय साडेचारच्या आसपास, गावठीच, पण पाय लांब, कंबर बारीक, कुठंतरी कारवानीचं, म्हणजे शिकारी जातीच्या कुत्र्याचं, रक्त मिसळलंय असं आबांचं म्हणणं, आपल्या कुत्र्याबद्दल एवढं बोलायचा अधिकार प्रत्येकाला असतो म्हणून मी वाद घालत नाही. गळ्यात कधी पट्टा नाही की दावं नाही. दिवसा कडब्याच्या गंजीखाली झोपायचं आणि अंधार पडला की ड्युटी सुरू, रानडुकरं, कोल्हे, रोही, ठिबकच्या नळ्यांवर डोळा असलेली दोन पायांची जनावरं, सगळ्यांना एकटा पुरायचा. शिवाय दोन म्हशी आणि सात शेळ्या.

मार्चमध्ये आबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. दवाखाना संभाजीनगरलाच, नंतर रोज फिजिओथेरपी, म्हणून आई-आबा दोघं आमच्या फ्लॅटवर आले. खंड्या सालगडी मामांकडं ठेवला. मामांचा एक दिवस फोन आला, "दादा, पाच दिस झालं कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही, नुस्तं वाटंवर बसायलंय." आबा फोनवर काही बोलले नाहीत पण त्या दिवशी त्यांनीही नीट जेवलं नाही. मिरगाच्या तोंडावर छोटा हत्ती केला आणि खंड्याला घेऊन आलो.

इथंच माझं मत सांगून टाकतो, आबा नसते तर मी त्याला आणला नसता. शेतातलं कुत्रं शेतात सुखी असतं, आपल्याला दया येते म्हणून त्याला चार भिंतींच्या आत आणायचं याला अर्थ नाही. ह्याची माणसं इकडं आली होती आणि ते वाट बघून मरायलं होतं, म्हणून आणलं.

फ्लॅट संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात, बीड बायपासच्या आतल्या बाजूला, तिसरा मजला. बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट, लिफ्ट एक. पाणी टँकरचं. हे टँकरचं लक्षात ठेवा, पुढं येणारंय.

मातीचा प्रश्न असा सुटला. २६ तास झाल्यावर मी जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, ते म्हणले चोवीस तासांच्या वर गेलंय तर आता सवयीची वाट बघत बसू नका, आधी मातीवर नेऊन बघा, नाही झालं तर घेऊन या. पहाटे चार वाजता मोटरसायकलवर मधे बसवून (तो प्रवास वेगळा लिहावा लागंल) मागच्या रिकाम्या प्लॉटवर नेला. तिथं काळी माती, कडेला गवत. खाली उतरला, वास घेतला, आणि मग जवळजवळ दीड मिनिट तो तीन पायांवर उभा होता. कुत्र्याला लहानपणी पायाखाली जे लागलं त्यावरच ते पुढंही शक्यतो बसतं, माती असंल तर माती, गवत असंल तर गवत, हे मला नंतर कळलं. आबांना आधीच माहीत होतं. पुढच्या रविवारी गावाकडून दोन खताच्या गोण्या भरून शेतातली माती आणली, थोडं शेण आणि कडब्याचा चुरा मिसळून, आणि प्लास्टिकच्या मोठ्या ट्रेमध्ये गॅलरीत ठेवली. आईनं नाक मुरडलं. पण रात्री-बेरात्रीची सोय झाली, आणि नंतर त्यातलीच ओंजळभर माती रोज खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकत गेलो तसा दीड महिन्यात तो तिथंही जायला लागला. पेव्हर ब्लॉकवर आजही जात नाही.

आता माझ्या चुका, त्या जरा सविस्तर.

लिफ्ट. पहिल्याच दिवशी ओढून आत घेतला. दार बंद झालं, खालची जमीन हलली, आणि तो असा आडवा झाला की चार पाय चार दिशांना. त्यानं लिफ्टमध्येच घाण केली, वरून माझा आवाज चढला, समोरच्या काकू दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या दिवसापासून लिफ्टचं दार दिसलं की तो दहा फुटांवर बसतो तो बसतोच.

फरशी. ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. आपली व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे त्याच्यासाठी बर्फ, मागचे पाय फाकायचे, मग तो भिंतीला घासून चालायचा, मग चालायचंच बंद करून एका कोपऱ्यात. आम्ही म्हणायचो उदास झालाय. होता तर खरं, पण अर्धी उदासी पाय घसरायची होती. बायकोनं गावाकडचा बारदाना फाडून दारापासून आबांच्या पलंगापर्यंत आणि तिथून गॅलरीपर्यंत पट्टी अंथरली, खाली डबल टेप. दोन तासांत कुत्रं घरभर फिरायला लागलं, म्हणजे पट्टीवरूनच, रेल्वेसारखं. पाहुणे विचारायचे हे पोत्याचं काय, आम्ही म्हणायचो लाइन टाकलीय खंड्याची.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बायपास. नवव्या दिवशी सुट्टी होती. मला वाटलं हा गाड्यांना भितो, तर गाड्या दाखवल्याशिवाय भीती कशी जाईल, म्हणून सकाळी साडेनऊला थेट बीड बायपासच्या कडेला नेऊन उभा केला. एका बाजूला एअर हॉर्नवाले ट्रक, दुसऱ्या बाजूला शाळेच्या रिक्षा. तो मागं रेटा द्यायला लागला, मी पुढं ओढायला लागलो, कारवानीसारखं निमुळतं डोकं, पट्टा कानावरून सुर्रकन निघाला आणि माझ्या हातात नुसता पट्टा. रस्ता ओलांडून पळाला नाही, आतल्या बाजूला पळाला, हे नशीब. पाच तास शोधला. मी एका बाजूनं, बायको स्कूटीवर दुसऱ्या बाजूनं, पोरगी टेरेसवरून ओरडायली. आबा खुर्चीत बसून नुस्ते दाराकडं बघत होते, ते तोंड मला अजून आठवतं.

सापडला तो सातारा गावाच्या बाजूला, एका मोकळ्या प्लॉटवर. तिथं कुणाच्यातरी चार शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या आणि हा त्यांच्यापासून वीसेक फुटांवर, शेळ्यांकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसलेला. शेळ्यांवाल्या मावशी म्हणल्या, "सकाळपासून बसलंय, हाकललं तरी जाईना, पण शेळ्यायला काही करंना बाई." जवळ गेलो तर शेपूट हलवलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. घरी येऊन आबांना सांगितलं तर म्हणले, "पळून कुठं जातंय, कामाला गेलं असंल."

मी हसलो तेव्हा. पण रात्री झोप लागेना तेव्हा तेच डोक्यात. आपण ह्याला अन्न दिलं, पंखा दिला, बारदाना दिला, आणि ह्याचं काम काढून घेतलं. वरून रोज काहीतरी नवीन त्याच्या अंगावर फेकायलो आणि म्हणायलो सवय होईल. माणसं म्हणताना "सवय होईल हळूहळू" असंच म्हणतात, त्यातलं हळूहळू मी गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं. मला वाटलं ते ट्रेनरचा नंबर देतील, त्यांनी आधी अंग तपासलं. कान, दात, पंज्यांच्या बोटांमधली जागा. बोटांमधून गोचीड निघाले, हिरड्या फिक्या, रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी आणि गोचीड ताप निघाला. म्हणजे जे आम्ही "शहर मानवंना" म्हणत होतो त्यात आजाराचा पण हिस्सा होता. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन, जेवणानंतरच, मधे बंद करायचं नाही. रेबीजचं इंजेक्शन गावातल्या शिबिरात एकदा झालेलं, ते तब्येत सुधारल्यावर नव्यानं, आणि डिस्टेंपर-पार्वोचं, कारण शहरात गल्लोगल्ली कुत्री आहेत आणि पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. कुत्रं गप्प बसायलंय, खाईना, चिडायलंय असं वाटलं तर वागणुकीचा विचार करायच्या आधी रक्त बघा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

डॉक्टरनं दुसरी गोष्ट सांगितली ती कामाची. म्हणले तो घाबरला आहे हे त्यानं पळायच्या आधी दहा वेळा सांगितलं असंल, तुम्हाला वाचता आलं नाही. झोप नसताना जांभई, तोंडात काही नसताना ओठ चाटणं, एक पंजा उचलून धरणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कोरडं असताना अंग झाडणं. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे खाणं. ज्या कुत्र्याला भाकरी आवडते ते भाकरी तोंडात घेत नसंल तर तुम्ही फार जवळ गेलात, मागं फिरा. तेवढंच. मागं फिरायला लाजू नका.

मग आम्ही बायपासला नव्यानं सुरुवात केली ती मीटरभर मागून नाही, अख्ख्या गल्लीभर मागून. पट्टा बाद, छातीवरून जाणारा हार्नेस आणला, साडेसहाशे रुपयांचा, आणि पहिले सहा दिवस तो फक्त जेवताना घालायचा आणि काढायचा, बाहेर नाहीच. वेळ पहाटे साडेपाचची. जागा आमच्या गल्लीचं तोंड, जिथून बायपासचा आवाज येतो पण गाड्या दिसत नाहीत. खिशात ज्वारीच्या भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, थोडं उकडलेलं चिकन चोळलेले. गाडीचा आवाज आला की तुकडा, आवाज गेला की तुकडा बंद. एवढंच. आधी आवाज आणि मग तुकडा, हा क्रम उलटा झाला तर उपयोग नाही, नाहीतर कुत्रं तुकड्यालाच भ्यायला लागतं की हा दिला म्हणजे आता काहीतरी येणार.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी रोज लिहायचो, त्यातलं थोडं जसंच्या तसं देतो.

सोमवार. गल्लीचं तोंड. ६ खाल्ले. टँकर रिव्हर्स आला, सातवा तोंडातून टाकला. लगेच परत.
मंगळवार. तिथंच. ११ खाल्ले. जांभया ४.
बुधवार. पाऊस. नाही गेलो. त्याला बरं वाटलं, मलाही.
गुरुवार. २० पावलं पुढं. ९ खाल्ले. ट्रकचा हॉर्न, बसला पण पळाला नाही. नंतर अंग झाडलं.
शुक्रवार. २० पावलं मागं, मुद्दाम. १४ खाल्ले. शेपूट सरळ.

असं साडेसात आठवडे. एकदम कंटाळवाणं काम आहे. शेजारी विचारायचे भाऊ तुम्ही रोज तिथं उभे राहून काय करता, मी म्हणायचो गाड्या मोजतो. शेवटी गणपतीच्या आधी तो बायपासच्या सर्व्हिस रोडच्या कडेला बसून, हॉर्न वाजला की माझ्या खिशाकडं बघायला लागला. तो क्षण मी व्हिडिओ काढायचा विसरलो.

कुकरची शिट्टीही अशीच. आधी स्वयंपाकघराचं दार बंद, हा गॅलरीत आबांपाशी, शिट्टी झाली की आबा तुकडा टाकायचे. आबांच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी त्यांना अंगठा आणि बोटानं चिमूट धरायचा व्यायाम दिलेला होता, दोऱ्यात मणी ओवा वगैरे, आबा मण्यांना हात लावायचे नाहीत, "मी काय बारकं पोरगं हाय का." पण उजव्या हातानं भाकरी मोडायची आणि खंड्याला द्यायची म्हणलं की अर्धा तास करायचे. सुरुवातीला तुकडा पडायचा, खंड्या फरशीवरून उचलायचा. त्या दोघांमध्ये कोण कुणाला शिकवत होतं कळायचं नाही. वरणाच्या तीन शिट्ट्या म्हणजे तीन तुकडे, हे दोघांनाही पाठ झालं, आणि आता शिट्टी झाली की कुत्रं उठून आबांकडं येतं. मटकीच्या दिवशी पाच शिट्ट्या, त्या दिवशी सण.

टँकर मात्र लवकर सुटला नाही. रिव्हर्स घेतानाचं ते पीं-पीं-पीं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, त्यामुळं आपल्याला जो आवाज नुसता टोचतो तो त्याला काय करत असंल देव जाणे. माझा अंदाज असा की त्या पीं-पींपेक्षा नंतर सुरू होणारी पाण्याची मोटर त्याला जास्त छळायची, कारण ती पार्किंगमध्ये आणि तिचा कंप जिन्यातून वर यायचा. यावर उपाय काही शास्त्रीय केला नाही. वॉचमन काकांशी बोललो, टँकर गेटवर आला की ते मिस्ड कॉल देतात, तेवढ्या वीस मिनिटांत खंड्या आतल्या खोलीत, कूलर फुल, दार लोटलेलं. प्रत्येक भीती घालवायलाच पाहिजे असं काही नाही, काही ठिकाणी वाट बदलली तरी भागतं.

आता रात्रीचं भुंकणं, ज्याच्यावरून सोसायटीची मीटिंग झाली. सोपं गणित आहे, चार वर्षं रात्रपाळी केलेला गडी, त्याला रात्री झोप म्हणलं तर झोपंल का? मी स्वतः चिकलठाण्याला कंपनीत शिफ्ट केल्यात, मला तरी हे समजायला पाहिजे होतं. रात्री एक ते चार, खालून मोटरसायकल गेली की भुंक, कुणी गेट उघडलं की भुंक. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं लेकरू बारावीला. नोटीस आली की कुत्रं हलवा नाहीतर लिफ्ट आणि पार्किंगमध्ये आणायचं नाही. (लिफ्टचं वाचून मला हसू आलं.) मी केंद्राच्या पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना काढल्या, सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. प्रिंट काढून मीटिंगला गेलो, फाडफाड वाचून दाखवलं, आणि जिंकून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणी बोलंना. नियम माझ्या बाजूनं होता पण बारावीच्या पोराची झोप त्यांच्या बाजूनं होती. मग गेलो खाली, त्यांच्या घरी बसलो, म्हणलं मला एक महिना द्या. दिला त्यांनी, चांगली माणसं.

महिन्यात काय केलं. गॅलरीच्या ग्रिलला हिरवं शेडनेट बांधलं, रस्ता दिसणं बंद. दिसलं नाही की अर्धं भुंकणं कमी होतं, बाकीचं अर्धं आवाजाचं, त्याला कूलर. आपला तो लोखंडी कूलर एवढा घरघरतो की खालची मोटरसायकल ऐकूच येत नाही, पाण्याशिवाय नुसता पंखा चालू ठेवायचो पावसाळ्यात. दिवसा झोपू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं पण ते चुकीचं, डॉक्टर म्हणले मोठ्या कुत्र्याला पण दिवसरात्र धरून बारा-चौदा तास झोप लागते, झोप तोडली की जास्त चिडतं. त्याऐवजी संध्याकाळी डोकं दमवा. पाय दमवायला पळवलं पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण कुत्र्याचं नाक दमलं की कुत्रं दमतं. जुन्या खोक्यात कडबा भरायचा, त्यात भाकरीचे पंधरा तुकडे लपवायचे, शोध म्हणायचं. वीस मिनिटं नाक आत आणि शेपूट बाहेर. रविवारी साई टेकडी, तिथं लांब दोरी लावून, त्याला जिथं वास घ्यायचाय तिथं आम्ही उभे, घाई नाही.

आणि राखण. आबांची आयडिया. रात्री दहाला बिल्डिंगला एक फेरी, हार्नेस घालून, मी मागं आणि तो पुढं. गेट, पार्किंगचे चारही कोपरे, टाकी, मीटरची खोली, मागची भिंत, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, त्यानं वास घ्यायचा, मग मी म्हणायचं "झालं, चल". फेरी झाली की वर येऊन जेवण, मोठं जेवण रात्रीच, आणि झोप. पहिल्या आठवड्यात फरक नाही, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्या आठवड्यात एकदा मी साडेतीनला पाण्याला उठलो तर हा पोत्यावर आडवा, पाय वर. मला वाटलं मेला की काय. घोरत होता.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. पॅकेटचा खाऊ तोंडात धरून गॅलरीत नेऊन मातीत पुरायचा. ज्वारीची भाकरी चालू ठेवली पण नुसत्या भाकरीत प्रोटीन कमी पडतं म्हणून अंडं, उकडलेलं चिकन, थोडं दही. कांदा-लसणाची आमटी भाकरीवर ओतायची गावची सवय बंद, कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतो. आईला हे पटायला वेळ लागला, तिचं म्हणणं चार वर्षं खाल्लं तेव्हा काय झालं. द्राक्षं आणि मनुका पण नाहीत, चॉकलेट नाही, हे पोरीला सांगून ठेवलं.

गल्लीतली कुत्री. पाच जण, त्यातल्या तिघांच्या कानाला व्ही आकाराची खाच, म्हणजे नसबंदी झालेली. आपल्या फाटकासमोर लोक शिळी पोळी टाकायचे आणि ती कुत्री फाटकच राखायची, मग खंड्या बाहेर पडला की रोज रण. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमात खायला घालायची जागा ये-जा करायच्या दारापासून आणि जिन्यापासून लांब असावी असं आहेच, ते वॉचमन काकांना आणि पोळी टाकणाऱ्या दोन काकूंना सांगितलं, खाणं मागच्या भिंतीच्या टोकाला हलवलं. दोन आठवड्यांत फाटक मोकळं. मैत्री झाली नाही, होणारही नाही, पण आता एकमेकांकडं न बघता जातात, शेजारच्या गावातले पुढारी लग्नात भेटतात तसे.

दिवाळीत सगळं उलटं झालं. तयारी केली होती, आतली खोली, खिडक्यांना गोधड्या, कूलर, डॉक्टरनं दोन महिने आधी पाहून ठरवलेली गोळी, जी आधी एकदा साध्या दिवशी देऊन बघितली. कुणीतरी गुंगीचं औषध सुचवलं होतं, त्याला डॉक्टर नाही म्हणले, नुसत्या गुंगीच्या काही औषधांनी अंग पडतं पण भीती तशीच राहते, कुत्रं हलू शकत नाही आणि ऐकत राहतं. लक्ष्मीपूजन निभावलं. भाऊबीजेला दुपारी, सगळं संपलं म्हणून मी त्याला खाली घेऊन गेलो आणि पार्किंगमध्ये पोरांनी उरलेला सुतळी बॉम्ब डब्याखाली लावला. तो जिना तीन मजले मला ओढत वर गेला आणि नंतर नऊ दिवस जिना उतरला नाही. पुन्हा गॅलरीतला ट्रे, पुन्हा जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तुकडे. घाबरल्यावर जवळ घेऊ नका, लाड केल्यानं भीती वाढते असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, भीती ही काही शिकवलेली करामत नाही की बक्षीस दिलं तर वाढंल. तो आबांच्या खुर्चीखाली येऊन बसला, आबांनी डाव्या पायानं पाठ चोळली, आम्ही बसू दिलं. पहिल्यांदा जे सावरायला दोन महिने लागले ते ह्या वेळी सतरा-अठरा दिवसांत जागेवर आलं.

चंपाषष्ठीच्या निमित्तानं सातारच्या खंडोबाला गेलो, यात्रेत नाही, गर्दी व्हायच्या आधीच पहाटे, लांबूनच. घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य, कुत्र्याचा मान असतो म्हणून त्याचा रोडगा वेगळा, भरताशिवाय. आबा स्वतः काठीवर उठून द्यायला आले.

नेटवर तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशेब फिरतो, नव्या घरात कुत्रं तेवढ्यात रुळतं म्हणून. आमचं गणित त्याच्या दुपटीनं गेलं, आणि त्यातले पहिले तीन आठवडे तर मीच वाया घालवले.

आजची स्थिती अशी. लिफ्ट नाही म्हणजे नाहीच, आम्ही जिन्यानं, माझं वजन चार किलो कमी. बायपास ठीक. टँकरला आतली खोली. रात्री भुंकतो, आठवड्यातून दोनदा, आणि खालचे लोक म्हणतात एवढं तर पाहिजेच, मागं बाजूच्या बिल्डिंगमधून बॅटऱ्या चोरीला गेल्यात. उन्हाळा लागलाय, डांबरावर तळहाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून बघतो, नाही ठेववली तर फिरणं रद्द, सकाळी सातच्या आत आणि रात्री फेरीलाच.

आणि सोमवारपासून शेजारच्या प्लॉटवर बोअर घेणारेत. गाडी रात्रीच लागते आणि पाणी नाही लागलं तर दोन-दोन दिवस चालते, त्या आवाजाला माझ्याकडं तुकडेही पुरणार नाहीत आणि कूलरही. सालगडी मामांना फोन केलाय, रविवारी संध्याकाळी खंड्या आणि आबा दोघंही आखाड्यावर, चार दिवस. आबांनी कालच पिशवी भरून ठेवलीय. हार्नेस त्यात वरच ठेवलाय, पण तिथं तो घालायचा का नाही यावर घरात अजून एकमत नाही.